तीन गोळ्या घेऊनही बीपी उतरत नाही? मंग किडनीवरच्या ग्रंथीची तपासणी अशी करून घ्या

ज्यांच्या घरी कोणी बीपीच्या तीन-तीन गोळ्या घेऊन राहिलं आणि तरी आरोग्य केंद्रात पट्टा बांधला की १६०-१७० च निघते, त्यांच्यासाठी हे लिहितोय. किंवा पोरगं तिशी-पस्तिशीचं आहे, अंगाने सडसडीत, शेतात राबणारं, आणि बीपी मात्र म्हाताऱ्यासारखा. अशा वेळी आपल्याकडे उत्तरं ठरलेली असतात, टेन्शन घेतो, मीठ जास्त खातो, खर्रा सोडत नाही. ती खोटी नसतात, पण दरवेळी पुरत पण नाहीत. काही जणांचा बीपी किडनीच्या डोक्यावर बसलेल्या एका छोट्या ग्रंथीमुळे वाढलेला असतो, तिला ॲड्रिनल म्हणतात. दोन किडन्या, दोन ग्रंथी, एकेक जेमतेम चार-पाच ग्रॅमची. हे पकडायला रक्ताची तपासणी आहे, पण ती सहसा कोणी लिहूनच देत नाही आणि लिहून दिली तर आपल्याकडे नमुना अर्ध्या रस्त्यात खराब होते. म्हणून ती मागायची कशी, रक्त द्यायचं कसं आणि रिपोर्ट पाहायचा कसा एवढं सांगतो. मी तालुक्याच्या लॅबमध्ये रक्त काढणारा माणूस आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे कोणती गोळी चालू-बंद करायची ते मी सांगणार नाही आणि तुम्ही पण मनाने करू नका.

आधी बीपी खरंच वाढलेला आहे का ते पाहून घ्या

एसटीतून उतरून, उन्हात दीड किलोमीटर चालत येऊन, तोंडात खर्रा ठेवून मोजलेला बीपी हा बीपी नसते. घरी मोजायचा असेल तर दंडाला बांधायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटाचं नको, आणि पट्टा दंडाच्या मापाचा पाहिजे, जाड दंडाला छोटा पट्टा बांधला की आकडा उगाच जास्त दाखवते. चहा, खर्रा, बिडी मोजायच्या अर्धा तास आधीपासून बंद. लघवीला जाऊन या. भिंतीला किंवा खुर्चीला पाठ टेकून पाच मिनिट गप्प बसा, पाय जमिनीवर, मांडी घालून नाही, हात छातीच्या उंचीवर कशावर तरी टेकवलेला. मोजताना बोलायचं नाही, आणि आपल्या घरात हेच सगळ्यात अवघड असते.

सकाळी गोळी घ्यायच्या आधी दोनदा, मधे एक मिनिट सोडून, आणि संध्याकाळी तसंच दोनदा. सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या आणि बाकीच्यांची सरासरी काढा, पोराच्या मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर असतेच. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर असेल तर बीपी वाढलेला धरतात, दवाखान्यातला आकडा असेल तर १४०/९०. हे सगळं वहीत तारखेसह लिहा, कारण पुढे डॉक्टरसमोर तोंडी सांगण्यापेक्षा वही जास्त बोलते.

आता दुसरी गोष्ट, गोळ्या खरंच पोटात चालल्या का. पेरणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसात गोळ्या संपतात आणि महिनाभर कोणी आणायलाच जात नाही, हे काही नवीन नाही, आणि बरं वाटते म्हणून बंद करणारे तर प्रत्येक घरात एक. भंडारा आणि वर्धा हे जिल्हे तर देशाच्या बीपी नियंत्रण कार्यक्रमात अगदी सुरुवातीपासून होते, गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात, तरी पण ही रड आहेच. सोबत दुखण्याच्या गोळ्या पाहा. कंबर, गुडघा दुखते म्हणून रोज डायक्लोफेनॅक घेणाऱ्याचा बीपी बऱ्याच गोळ्यांनी नीट उतरत नाही. आणि ज्येष्ठमध. खोकल्याच्या काढ्यात, पानात, चघळायला म्हणून रोजच्या रोज भरपूर घेतलं तर ते शरीरात हुबेहूब या ॲड्रिनलच्या आजारासारखंच नाटक करते, बीपी वर आणि पोटॅशियम खाली. औषधी आहे, गावठी आहे म्हणून त्याला सूट नाही.

हे सगळं पाहून झालं, गोळ्या नेमाने चालू आहेत, तिन्हीचा डोस पुरेसा आहे, त्यात एक लघवीवाटे मीठ काढणारी आहे, आणि तरी १४०/९० च्या खाली येत नाही, मंग ॲड्रिनलकडे वळायचं.

ही भानगड नेमकी काय आहे

ॲड्रिनल ग्रंथी अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन बनवते. त्याचं काम एकच, किडनीला सांगायचं की मीठ धरून ठेव आणि पोटॅशियम सोडून दे. मिठासोबत पाणी पण अंगात राहते, नसांमधलं रक्ताचं माप वाढते, बीपी वाढते. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि माणूस उन्हात काम करते तेव्हा हेच हार्मोन त्याला जिवंत ठेवते, घामावाटे जाणारं मीठ वाचवते. या हार्मोनला हुकूम देणारा किडनीतून निघतो, त्याचं नाव रेनिन. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की रेनिन वाढते, त्याच्यामागे अल्डोस्टेरॉन वाढते, आणि मीठ पुरलं की दोन्ही खाली येतात. शेतातल्या मोटारपंपाला ऑटो असते ना, तसं. आजारात काय होते, की ऑटो बंद आहे तरी मोटार चालूच. किडनी रेनिन अगदी खाली आणून ठेवते, म्हणते बस झालं बापा, पण ग्रंथी ऐकत नाही, अल्डोस्टेरॉन ओततच राहते. कधी एका बाजूला छोटी गाठ असते, ती बहुतेक वेळा कॅन्सरची नसते, कधी दोन्ही ग्रंथी मिळून जास्त काम करतात.

याला कॉन सिंड्रोम म्हणतात, जेरोम कॉन नावाच्या डॉक्टरवरून, अमेरिकेतल्या मिशिगन युनिव्हर्सिटीचा. मला हा माणूस यासाठी आवडते की तो बीपीच्या मागे लागून इथे आलाच नव्हता, तो घामाच्या मागे होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिक गरम दमट मुलखात लढायला जायचे, तर माणसाचं शरीर उष्णतेला कसं सरावते हे त्याने तपासलं, आणि त्याला दिसलं की काही दिवसात घामातलं मीठ कमी कमी होत जाते, म्हणजे शरीर मीठ वाचवायला शिकते, आणि त्यामागे ॲड्रिनलचं हार्मोन असलं पाहिजे. ते हार्मोन कोणतं हे तेव्हा माहीतच नव्हतं, अल्डोस्टेरॉन हाती लागलं ते १९५३ च्या आसपास, लंडनच्या सिल्विया सिम्पसन आणि जेम्स टेट यांच्या कामातून, सोबत स्वित्झर्लंडचे राइखस्टाइन. आणि १९५४ मध्ये कॉनकडे ३४ वर्षांची एक बाई आली. हातापायाला पेटके, मधेच अंग लुळं पडायचं, बीपी वाढलेला, रक्तात पोटॅशियम खूप कमी. तिच्या घामात मीठ जवळपास नव्हतंच. दुसऱ्या कोणाला हे दिसलं नसतं, कारण रोग्याच्या घामातलं मीठ कोण मोजते? त्याने कित्येक महिने तिची मोजदाद केली, त्याच वर्षी डिसेंबरात ऑपरेशन झालं, ग्रंथीत गाठ निघाली, ती काढली आणि बाई सुधारली. १९५५ मध्ये त्याचा लेख छापून आला. खरं तर पोलंडच्या लिटिन्स्की नावाच्या डॉक्टरने १९५३ मध्येच असे रोगी लिहून ठेवले होते, पण पोलिश भाषेत, मंग जगाला कुठून कळणार.

कॉन पुढे म्हणू लागला की बीपीवाल्या शंभरातल्या वीसेक जणांना हा आजार असेल, तर लोकांनी त्याला उडवून लावलं, आणि त्याने स्वतःच आकडा खाली आणला. नंतर कित्येक वर्षं डॉक्टरांना हेच शिकवलं गेलं की हा दुर्मिळ आजार आहे, शंभरात एखादा. आता चित्र वेगळं आहे, साधारण बीपीवाल्यांत शंभरात ५ ते १० आणि तीन गोळ्यांना न जुमानणाऱ्यांत २० च्या आसपास धरतात. एंडोक्राइन सोसायटी म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांची मोठी संघटना, तिच्या २०२५ च्या सूचनांमध्ये तर बीपी असलेल्या प्रत्येकाचीच ही तपासणी करावी असं सुचवलं आहे. आपल्या खेड्यात ते लगेच होईल असं मला वाटत नाही, पण ज्याला जास्त धोका आहे त्याची तरी व्हावी.

कोणाची आधी करायची

तीन गोळ्यावाले तर आलेच. त्याशिवाय चाळिशीच्या आत बीपी सुरू झालेला, रक्तात पोटॅशियम कमी निघालेला, घरात आई-बाप-भावाला कमी वयात लकवा मारलेला, दुसऱ्याच कामासाठी पोटाचा सीटी काढला आणि ॲड्रिनलवर गाठ दिसली असा, बीपीसोबत हृदयाचे ठोके अनियमित पडणारा, किंवा जो झोपेत जोरजोरात घोरते आणि मधेच श्वास अडकते असा. सख्ख्या भावाबहिणीला हा आजार निघाला असेल तरी.

लक्षणांवर फार जाऊ नका. पायात पेटके, सकाळी उठताना मांड्यांत जोर नसणे, रात्री चार-चारदा लघवीला उठणे, हे पोटॅशियम कमी झाल्याने होते, आणि आपल्याकडे त्याला ऊन लागलं, अशक्तपणा आला, शुगर असेल, असं म्हणून सलाईन लावून मोकळे होतात. पण पुष्कळ जणांना काहीच होत नाही. आणि हे नीट ध्यानात ठेवा, या आजाराच्या बहुतेक रोग्यांचं पोटॅशियम नॉर्मलच असते. तेव्हा पोटॅशियम ठीक आहे म्हणून कोणी वाटेला लावलं तर नम्रपणे पुन्हा विचारा.

विचारायचं कसं? आपल्या लोकांना डॉक्टरला विचारायची भीती वाटते, काहून की ओरडतील. वही पुढे करायची आणि सरळ म्हणायचं, "सर, बाबाच्या तीन गोळ्या चालू हायत, रोज घेते, सात दिवसाचा बीपी लिहून आणला हाय, पोटॅशियम आन् अल्डोस्टेरॉन-रेनिनची तपासणी करून पाहाची का?" बस. मोबाईलवर हे वाचलं, ते पाहिलं असं सुरू करू नका, त्याने चांगला डॉक्टर पण चिडते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होणार नाही, त्यांना जमलं तर सोडियम-पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम पाहायची तपासणी) तिथून किंवा ग्रामीण रुग्णालयातून होऊन जाईल. पुढचं तिथून चिठ्ठी घेऊन मेडिकल कॉलेजला, नागपूरचं मेडिकल, एम्स, सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ, अकोला, जे जवळ पडेल ते. खाजगी लॅबमध्ये करत असाल तर भाव आधी फोन करून विचारा, लॅबालॅबात बराच फरक असते आणि हे साध्या शुगरसारखं स्वस्त नाही.

रक्त द्यायचं ते असं

इथे मी जरा जास्त बोलणार, कारण सगळा घोळ इथेच होते.

पहिलं, गोळ्या. काही गोळ्या रिपोर्ट बिघडवतात. ॲम्लोडिपिनने फार फरक पडत नाही. टेल्मिसार्टन, एनालाप्रिल, क्लोरथॅलिडोन यांनी रेनिन वाढते म्हणून आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल दिसू शकते. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉलने उलट, रेनिन खाली जाते आणि आजार नसताना असल्यासारखं दिसते. स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन चालू असेल तर सगळंच गडबडते, ती सहसा चार आठवडे तरी थांबवावी लागते, डॉक्टर दुसरी गोळी लावून देतात. पण आजकाल पहिली तपासणी बहुतेक वेळा चालू गोळ्यांवरच करा म्हणतात, कारण गोळ्या बंद करून बीपी २०० च्या वर गेला तर ते जास्त महागात पडेल. टेल्मिसार्टन चालू असून पण रेनिन एकदम खाली निघालं तर उलट संशय पक्काच होते. तेव्हा आपण फक्त एक करायचं, सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्यायची आणि कोणती शेवटची कधी घेतली ते कागदावर लिहून द्यायचं. बायका आशाताईकडून माला-एन (पाळणा लांबवायची गोळी) घेत असतील तर ते पण सांगायचं, लाजू नका, त्या गोळीने बीपी पण वाढू शकते आणि रेनिनचा आकडा पण हलते.

दुसरं, पोटॅशियम. ते कमी असेल तर आधी भरून काढायला पाहिजे, कमी पोटॅशियममध्ये अल्डोस्टेरॉन पण खाली येते आणि आजार लपते. आणि पोटॅशियमचं रक्त देताना मूठ आवळू-सोडू नका. नस दिसत नाही म्हणून आम्हीच लोक म्हणतो मूठ आवळा, हात हलवा, पण त्याने पोटॅशियम खोटंच वाढते, म्हणजे ३.३ असलेला ३.७ दिसेल आणि सगळे खुश. पट्टी पण फार वेळ बांधून ठेवायची नाही. रक्त काढल्यावर नळी तशीच फ्रिजमध्ये ठेवली तर पेशीतलं पोटॅशियम बाहेर झिरपते, मोटारसायकलच्या डिक्कीत खडखडत गेली तर पेशी फुटतात, दोन्ही वेळा आकडा खोटा. म्हणून जिथे लगेच मशीनवर फिरवून सीरम वेगळं करतात तिथेच द्या.

तिसरं, मीठ. एरवी मी पण सांगेन की मीठ कमी करा, दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा. आपल्याकडे ठेचा, लोणचं, पापड, सांडगी मिरची, वरून तर्री पोहे आणि शेव, कशाचं ५ ग्रॅम. आणि सैंधव मीठ म्हणजे पण सोडियमच, त्याला देवाचं म्हणून बीपी सोडत नाही. पण या तपासणीच्या आधीचे काही दिवस मात्र नेहमीसारखंच जेवा, एकदम अळणी खाऊ नका. मीठ तोडलं की रेनिन वाढते आणि गणित बिघडते. त्याच कारणाने उपास करून दुसऱ्या दिवशी नमुना द्यायला जाऊ नका, आणि उन्हाळ्यात चार-पाच दिवस रानात घाम गाळून, जुलाब-उलटी होऊन, तहानलेल्या अंगाने तर मुळीच नको. कॉनचा घाम इथे आपल्याला आडवा येते, नाही का.

चौथं, वेळ. सकाळी उठून निदान दोन तास हिंडून-फिरून झालेलं असावं, झोपेतून उठून थेट नाही. लॅबमध्ये पोचल्यावर ५ ते १५ मिनिट बसा, मंग बसल्या-बसल्याच रक्त द्या. सकाळी ९ ते ११ बरी वेळ, म्हणजे पहिल्या गाडीने निघालं तर जमते. उपाशी पोटाची अट सहसा नसते, पण सोबत शुगर-कोलेस्टेरॉल लिहिलं असेल तर विचारून घ्या.

पाचवं आणि सगळ्यात मोठं, बर्फ. रेनिनची जांभळ्या टोपणाची नळी बर्फात ठेवायची नसते. आपल्याला सवय आहे की महागडी तपासणी म्हटली की थर्माकोलच्या डब्यात आईसपॅक, आणि पिकअपवाला पोरगा पण तेच करते. पण थंडीत रक्तातलं झोपलेलं रेनिन जागं होते, आकडा फुगते, आणि आजार असलेला माणूस नॉर्मल होऊन घरी जाते. नळी साध्या खोलीच्या तापमानात ठेवायची, लवकर फिरवून प्लाझ्मा वेगळा करायचा आणि मंग एकदम गोठवून पाठवायचा. साधी खोली म्हणजे आपल्या मे महिन्याची पत्र्याची खोली नव्हे, हे पण सांगून ठेवतो. तुमच्या तालुक्याच्या कलेक्शन सेंटरला विचारा, की तुमच्याकडे सेंट्रिफ्यूज (रक्त फिरवायचं मशीन) आहे का, डीप फ्रीझर आहे का. नाही म्हटलं तर भाऊ, जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन द्या, गाडीभाडं लागलं तरी परवडते.

रिपोर्ट आल्यावर

रिपोर्टवर तीन आकडे असतील, अल्डोस्टेरॉन, रेनिन आणि दोघांचं गुणोत्तर. खाली लिहिलेल्या नॉर्मल रेंजवर जाऊ नका, दोन्ही आकडे रेंजमध्ये असून पण गुणोत्तर बिघडलेलं असू शकते. पाहायचं हे की रेनिन तळाला लागलं आहे आणि अल्डोस्टेरॉन तरी टिकून आहे का. रेनिन ॲक्टिव्हिटी मोजली असेल तर गुणोत्तर २०-३० च्या वर आणि सोबत अल्डोस्टेरॉन १० च्या वर (ng/dL या युनिटमध्ये) असेल तर पुढे जायला पाहिजे. पण काही लॅब रेनिन दुसऱ्या पद्धतीने थेट मोजतात, तिथे युनिट वेगळं आणि ३.७ हा आकडा पण जास्त ठरते. म्हणून शेजाऱ्याच्या रिपोर्टशी आपला लावून पाहू नका, युनिट पाहिल्याशिवाय तो आकडा काहीच सांगत नाही. ज्येष्ठमधवाल्याचं वेगळं असते, त्याचे अल्डोस्टेरॉन आणि रेनिन दोन्ही खाली जातात.

गुणोत्तर वाढलं म्हणजे आजार पक्का असं पण नाही. काही जणांना पक्कं करायला अजून एक तपासणी लागते, चार तासात दोन लिटर सलाईन देऊन पाहतात की अल्डोस्टेरॉन खाली येते का. नॉर्मल माणसाचं येते. ही दवाखान्यात डॉक्टरच्या देखरेखीखालीच होते, हृदय कमजोर असेल तर करत नाहीत. ज्याचं पोटॅशियम आपोआप कमी आहे, रेनिन शून्याच्या जवळ आणि अल्डोस्टेरॉन २० च्या वर, त्याला याची पण गरज पडत नाही.

मंग सीटी. आणि इथे लोक घाई करतात, सीटीत गाठ दिसली की काढून टाका. थांबा. वय वाढलं की बिनकामाच्या गाठी ॲड्रिनलवर पुष्कळांना असतात, आणि कधी गाठ डावीकडे दिसते पण जास्तीचं हार्मोन उजवीकडून येते. नेमकी बाजू कळायला दोन्ही ग्रंथींच्या शिरेतून वेगवेगळं रक्त घेतात, जांघेतून बारीक नळी घालून. उजवीकडची शीर आखूड असते आणि थेट मोठ्या शिरेत उघडते, ती सापडणं कसबी हाताचं काम आहे, म्हणून ही तपासणी फार थोड्या ठिकाणी होते. आपल्या एंडोक्रायनॉलॉजिस्टलाच, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरला विचारा कुठे चांगली होते ते. पस्तिशीच्या आतल्या माणसाला, पोटॅशियम कमी आणि एकाच बाजूला स्पष्ट गाठ असेल तर कधी कधी याशिवाय पण ऑपरेशन करतात.

एकाच बाजूचा आजार असेल तर दुर्बिणीने ती ग्रंथी काढतात, दुसरी ग्रंथी काम सांभाळून घेते. पण ऑपरेशननंतर बीपी कायमचा जाईलच अशी आशा कोणी लावून दिली तर विश्वास ठेवू नका. २०१७ मध्ये बऱ्याच देशांतल्या रोग्यांचा मिळून हिशोब निघाला, त्यात ३७ टक्के लोकांच्या गोळ्या पूर्ण सुटल्या, ४७ टक्क्यांचा बीपी सुधारला किंवा गोळ्या कमी झाल्या. हार्मोन मात्र ९४ टक्क्यांचं ठीक झालं, आणि ते पण काही कमी नाही, कारण हे हार्मोन बीपीच्या पलीकडे जाऊन थेट हृदयाला आणि नसांना पण त्रास देते. जितक्या लवकर पकडलं, वीस वर्षं बीपी मुरायच्या आत, तितका फायदा जास्त. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र दवाखान्यात बसतो, भरती व्हायच्या आधीच रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा आणि हे ऑपरेशन तिथे बसते का विचारा.

दोन्ही बाजूंचा असेल किंवा ऑपरेशन नको असेल तर स्पायरोनोलॅक्टोन. १९६० च्या आसपासपासून चालत आलेली जुनी, स्वस्त गोळी. २०१५ मध्ये ब्रिटनच्या पाथवे-२ अभ्यासात तीन गोळ्यांना न ऐकणाऱ्या बीपीवर चौथी कोणती लावायची ते तपासलं तर हीच सगळ्यात भारी ठरली. तोटा असा की पुरुषांना छाती दुखते, कधी वाढते, आणि गडी लाजेने न सांगता गोळी फेकून देते. सांगा ना बापा, डोस कमी करता येते, एप्लेरेनोन नावाची दुसरी आहे. बाईला पाळी मागेपुढे होऊ शकते, आणि दिवस राहिले असतील किंवा राहायचे असतील तर ही गोळी चालत नाही. या गोळीने पोटॅशियम चढते, म्हणून सुरू केल्यावर काही आठवड्यांत आणि पुढे अधूनमधून पोटॅशियम-क्रिएटिनिन तपासायचंच, सोबत टेल्मिसार्टन असेल तर जास्तच. बीपीवाल्यांसाठी म्हणून जे कमी सोडियमचं मीठ विकतात त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते, ते या गोळीसोबत डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. आणि उन्हाळ्यात जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन करा, अशा वेळी बीपीच्या काही गोळ्या थोडे दिवस थांबवाव्या लागतात.

ॲड्रिनलच्या अजून दोन भानगडी

एक, पुड्या. बाजाराच्या दिवशी सांधेदुखीच्या, दम्याच्या पुड्या देणारे असतात, दोन दिवसात उड्या मारायला लागते माणूस. त्यात बरेचदा स्टेरॉइड असते. महिनोन्महिने घेतलं की चेहरा गोल होते, पोट सुटते, हातपाय काटकुळे, कातडी पातळ, पोटावर जांभळे पट्टे, आणि बीपी-शुगर दोन्ही वर. ॲड्रिनल स्वतः तेव्हा झोपी गेलेली असते. म्हणून हे कळल्यावर घाबरून पुडी एकदम बंद करू नका, ग्रंथी जागी व्हायला वेळ लागते, तोवर उलट्या, चक्कर, बीपी एकदम खाली जाऊन जिवावर बेतू शकते. पुडी घेऊन दवाखान्यात जा, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

दुसरं, झटके. अचानक डोकं फुटल्यासारखं दुखणे, छाती धडधडणे, घामाने अंघोळ, चेहरा पांढरा, बीपी २०० च्या वर आणि थोड्या वेळाने सगळं शांत. लोक म्हणतात घाबरलं, कोणी लिंबू उतरवते. ही ॲड्रिनलच्या आतल्या भागाची गाठ असू शकते, फार थोड्या लोकांना असते पण सुटली तर धोक्याची. याला मेटानेफ्रिनची तपासणी लागते, रक्तात किंवा २४ तासांच्या लघवीत. लघवीची असेल तर सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहायची, त्यानंतरची दिवसभराची, रात्रीची सगळी कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची सकाळची पहिली पण त्यात. एक जरी वावरात गेली तर पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी घरीच राहा. लॅब कॅनमध्ये आधीच ॲसिड टाकून देते, ते सांडू नका, हाताला लावू नका, पोरांपासून दूर सावलीत ठेवा. असे झटके येत असतील तर डॉक्टरला आधीच सांगा, काहून की धडधड थांबवायची मेटोप्रोलॉलसारखी गोळी यात एकटी सुरू केली तर बीपी अजून चढू शकते.

नागपूरला किंवा सेवाग्रामला जायचं ठरलं की फाईल लावून घ्या. बीपीची वही, सगळ्या जुन्या चिठ्ठ्या, पोटॅशियमचे तारखेसह सगळे आकडे, गोळ्यांची रिकामी पाकिटं. अल्डोस्टेरॉन-रेनिनच्या रिपोर्टवर त्या दिवशी कोणत्या गोळ्या चालू होत्या ते पेनाने लिहून ठेवा, मोठे डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. आणि सीटी काढला असेल तर नुसता कागद आणि फिल्म घेऊन येऊ नका, सेंटरवाल्याकडून सीडी मागून घ्या, ती देतात पण मागितल्याशिवाय देत नाहीत.